मधल्या डोहावरच्या माश्या

पंखा मी लावला.

मे महिना होता, तोही मुकुटबनचा, आणि सर डोळे दाखवायला नागपूरला गेले होते. त्यांच्या माश्यांच्या खोलीत पंखा होता, पण बटणावर चिकटपट्टी मारलेली आणि पट्टीवर त्यांच्या हातचा एकच शब्द : 'नाही'. मी पट्टी सोलली आणि बटण दाबलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर मी तीनशेच्या वर चिठ्ठ्या ओळीनं मांडून ठेवल्या होत्या, एकेक चिठ्ठी करंगळीच्या अर्ध्या नखाएवढी. पंखा जुना, गती घ्यायला वेळ लावणारा. तेवढ्या वेळात शहाण्या माणसाला चूक उमगली असती. मी मान वर करून वारं कधी येतं याची वाट पाहत होतो.

वारं आलं.

त्या चिठ्ठ्या म्हणजे काय, ते सांगायला हवं. माश्यांचा अभ्यास करणारा माणूस माशी पकडतो, पिनेवर लावतो, आणि त्याच पिनेत माशीखाली एक चिठ्ठी खोचतो. कुठल्या डोंगरावर, कुठल्या ओढ्याकाठी, कोणत्या महिन्यात मिळाली, ते त्या चिठ्ठीवर. माशीचं नाव चुकलं तर शंभर वर्षांनी कुणी दुसरा भिंग लावून ते सुधारू शकतो. चिठ्ठी गेली तर ती माशी कुठून आली हे कुणालाच सांगता येत नाही. सर म्हणत, "बिनचिठ्ठीची माशी म्हणजे नुसता कचरा. फरक इतकाच की त्याला पीन लावलेली असते."

सरांच्या जुन्या चिठ्ठ्यांची शाई उडत चालली होती. त्या नव्यानं लिहायला त्यांनी मला बोलावलं होतं आणि पद्धतही घालून दिली होती : "एक काढ. एक लिही. एक लाव. मग दुसरी." मला ती पद्धत मंद वाटली. एका पेटीतल्या सगळ्या चिठ्ठ्या एकदम काढून ओळीनं मांडल्या तर काम झपाट्यानं होईल, असा शोध मी लावला. सरांच्या टेबलावर तीस वर्षांत बरेच शोध लागले असतील. इतका महागात पडलेला हा एकच.

मला बोलावण्याचं कारण माझं अक्षर. ते मुंगीच्या पायाएवढं बारीक आहे, आणि ते मी कमावलं कॉलेजात कॉप्या लिहून. प्राणिशास्त्राच्या पेपरला सरांनीच मला पकडलं होतं. बाहीतून चिठ्ठी निघाली, बसच्या तिकिटाएवढी, तिच्यावर बेडकाचं पूर्ण रक्ताभिसरण. सरांनी खिशातून भिंग काढलं आणि हॉलच्या मधोमध उभं राहून ती पूर्ण वाचली. मग म्हणाले, "उजवी झडप राहिली." आणि माझा पेपर काढून घेतला. मी त्या वर्षी नापास झालो. दहा-अकरा वर्षांनी, मी घरची कपाशी आणि तूर सांभाळत असताना, निवृत्त होऊन मुकुटबनला राहायला आलेल्या सरांचा फोन आला : "चार नंबर हॉल, मार्च महिना. तूच ना?"

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. राहायचं ते ठिकाण आणि महिना. कुणी नवा माणूस भेटला की आधी विचारणार, "कुठले?" नाव तो आपण होऊन सांगायचा, तेव्हा सर दुसरीकडे पाहत असायचे. "नाव काय, कोणीही ठेवतं. सापडला कुठं ते महत्त्वाचं." त्यांच्या साडूंचं नाव त्यांना शेवटपर्यंत आलं नाही, 'आर्णी, दिवाळी' असा त्यांचा उल्लेख व्हायचा.

घरात डांबरगोळ्यांचा वास. काकूंच्या, म्हणजे सरांच्या पत्नीच्या, हातच्या शिऱ्यालासुद्धा तो वास होता, आणि मी तो शिरा सतत दोन वर्षं खाल्ला. मागच्या पडवीत सडकी केळी, कुजलेला भोपळा, शेणाचा पो असं काहीबाही मांडलेलं असायचं आणि त्याला हात लावायचा नाही असा नियम होता. काकू म्हणायच्या, "लोकायच्या घरी माशी आली तं हाकलतात. आमच्या घरी तिले पाट देतात." बोलणं असं तिखट, पण पेट्यांना मुंग्या लागू नयेत म्हणून टेबलाच्या चारही पायांखालच्या वाट्यांत रोज पाणी भरत त्याच. उन्हाळ्यात सर डोक्यावर ओला टॉवेल टाकून मायक्रोस्कोपला डोळा लावून बसत आणि टॉवेलचं पाणी मानेवरून ओघळत असे. पंख्याचं काय, हे मी एकदा विचारलंही होतं. ते म्हणाले, "माशीचा पाय आपल्या श्वासानं तुटतो, बाबा. वाऱ्याचं काय घेऊन बसला."

त्यांच्या वेडाला गावात कुणी हसत नव्हतं असं नाही. पण कुणाचं जनावर मेलं की फोन मात्र पहिला सरांना जायचा, कारण मेल्या जनावरावर कोणत्या माश्या आधी येतात आणि कोणत्या मागून, हे ते पाहत. एकदा जवळच्या शिवारात वीज पडून एक बैल गेला. आम्ही पोचलो तेव्हा त्याचा धनी बांधावर बसला होता, गुडघ्यांत डोकं घालून. सर त्याच्या शेजारी मातीत बसले. पिशवी उघडली नाही. मी बैलाजवळ उभा होतो आणि शहाणपणा दाखवायची ही नामी संधी आहे असं मला वाटलं. मी ओरडलो, "सर, हिरव्या आल्या! लवकर या!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. त्या धन्यानंही पाहिलं. मी तिथून कुठं जाऊ हे मला कळेना, म्हणून दोन पावलं मागं सरकलो आणि नांगरटीच्या तासात पडलो.

तासाभरानं तो माणूसच म्हणाला, "करा ना सर, तुमचं काम करा. तो तं आता गेला."

"आज नाही," सर म्हणाले. "आज तुमचं आहे."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. पहिल्या दिवसाच्या माश्या हुकल्या, त्यांच्या वहीत तो रकाना कोरा आहे. मी पाहिलाय.

तर पंखा. चिठ्ठ्या कपाटाखाली, पेट्यांमागे, काही खिडकीतून थेट काकूंच्या तुळशीत. मी दोन दिवस रांगत होतो. काकू दारात येऊन म्हणाल्या, "काय शोधून राह्यला बाबू?" मी म्हटलं, "पीन पडली, काकू." सगळ्या गोळा केल्या, जवळजवळ सगळ्या, आणि मग जी गोष्ट केली ती पंख्याहून वाईट. अंदाजानं लावून टाकल्या. ही माशी इथली असेल, ती तिथली असेल. पेटी कशी सुरेख दिसायला लागली! माझ्या नव्या अक्षरात, ओळीनं, कोपरे जुळवून.

नेमकी ती पेटी म्हणजे सरांचं उभं आयुष्य होतं, हे मला तेव्हा अर्धवटच ठाऊक होतं.

आमच्याकडच्या डोंगरांना घाटावरची माणसं टेकाड म्हणतील, म्हणोत. पण त्यांतल्या एकावर कोलाम आदिवासींच्या पोडाच्या, म्हणजे वस्तीच्या, वरच्या अंगाला एक झरा आहे, बारा महिने पाझरणारा. त्याच्या ओल्या कातळावर एक माशी राहते. तांदळाच्या दाण्याहून लहान, लांब पायांची, घासलेल्या तांब्यावर हिरवी झाक यावी तशा रंगाची. नराच्या पुढच्या दोन पायांची टोकं पांढरी, चुन्यात बुडवल्यासारखी. मादीपुढे उभा राहून तो ते पाय वर-खाली हलवतो. डोंगराच्या पायथ्याला जो ओढा आहे तिथंही अशीच माशी मिळते, पण तिच्या नराचे पाय काळे. काळ्या पायांची माशी जगाला ठाऊक आहे, तिला नाव आहे. पांढऱ्या पायांची सरांच्या मते वेगळी जात होती, जगात त्या एकाच कातळावर राहणारी. दूरच्या शहरातल्या संग्रहालयातले एक विद्वान त्यांच्याशी पत्रव्यवहार करून होते. वरच्या झऱ्यावर फक्त पांढरे आणि खालच्या ओढ्यावर फक्त काळे, हे वर्षानुवर्षांच्या चिठ्ठ्यांवरून दाखवता आलं, तर नव्या जातीचा लेख दोघांच्या नावानं निघणार होता. सरांना काचबिंदू होता. नागपूरच्या डॉक्टरांनी त्या मे महिन्यात सांगितलं की फार तर दीडेक वर्ष. मग मायक्रोस्कोपही नाही.

परत आल्यावर सरांनी पेटी उघडली. त्यांना बाजूचं दिसत नसे, समोरचं मात्र नळीतून पाहावं तसं स्वच्छ दिसे. तिसऱ्या की चौथ्या माशीवर ते थांबले.

"खालचा ओढा, मे महिना," त्यांनी वाचलं. "खालच्या ओढ्याला मे महिन्यात पाणी असतं?"

मी म्हटलं, "नसतं, सर."

"मग ही पोहत होती कुठं?"

मी सांगून टाकलं. पंखा, तुळस, अंदाज, सगळं. रागावतील, पेटी फेकतील, असं वाटलं होतं. बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि ते एकेक चिठ्ठी चिमट्यानं काढायला लागले. मग कोऱ्या चिठ्ठ्या घेतल्या आणि प्रत्येकीवर स्वतःच्या हातानं लिहिलं : 'ठिकाण माहीत नाही'. मी म्हटलं, "सर, मी लिहितो." त्यांनी नाही म्हणून मान हलवली. तीन दिवस लागले. त्यांचं अक्षर रेषेबाहेर जात होतं. मी समोर स्टुलावर बसून होतो आणि तीनशे वेळा ते वाक्य वाचत होतो. शेवटी धीर करून म्हटलं, "सर, निम्म्या तरी बरोबर असतील हो."

"कोणत्या निम्म्या?" ते म्हणाले.

पोळा झाला आणि आम्ही नव्यानं सुरुवात केली. एक हंगाम होता हाताशी, पाऊस उघडल्यापासून संक्रांतीपर्यंत. तेवढ्यात दोन्ही ठिकाणच्या माश्या पुन्हा जमवायच्या. हलती माशी शोधणं आता सरांच्या डोळ्यांना जमत नव्हतं, म्हणून डोळे माझे. वाट दाखवायला पोडावरचा मारोतीभाऊ. सरांबरोबर तो तीस वर्षं त्या डोंगरावर हिंडला होता आणि आमच्यापेक्षा कमी बोलायचा. माशी पकडायची एक काचेची नळी असते, तोंडानं हवा ओढली की माशी नळीत येते. मधे जाळी असते. ती बसवायला मी पहिल्या दिवशी विसरलो आणि वरच्या झऱ्यावरचा पहिला नर मी गिळला.

"पांढरा होता का?" सरांनी विचारलं.

"हो, सर."

"लिहून ठेव."

सरांनी झऱ्यावर कधी चपला घातल्या नाहीत. पोडावरची माणसं घालत नाहीत म्हणून. कातळाशी बसून ते पाण्याकडे कान लावत आणि मी पुटपुटत असे, "दोन नर, एक मादी... आता पाय हलवतोय, सर." ते विचारत, "डावा आधी की उजवा?" त्यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड असे की मी उगीचच उत्तर द्यायला उशीर करत असे. वरच्या झऱ्यावर सगळे पांढरे. खालच्या ओढ्यावर सगळे काळे. पेटी भरत आली. माझी मान थोडी वर यायला लागली.

संक्रांत जवळ आली. शेवटची खेप. झऱ्याखाली कातळाशी बसून सर म्हणाले, "मी इथं थांबतो. तुम्ही दोघं मधल्या डोहावर जाऊन या."

झरा आणि ओढा यांच्या मधोमध एक डोह आहे, करवंदीच्या जाळीत लपलेला. आम्ही त्या वाटेनं कधी गेलोच नव्हतो. दरवेळी बैलांच्या वाटेनं वळसा घालून उतरत होतो. जाता जाता मी मारोतीभाऊला विचारलं, "इकडून का नाही नेलं आम्हाला?"

"मास्तर या डोहाकडं येतच नाही जी," तो म्हणाला. "पह्यले याचे. मंग सोडलं. काहून सोडलं, म्या नाही पुसलं."

डोहाच्या काठी ओल्या दगडावर माश्या होत्या. मी नळीत चार नर ओढले, उजेडात धरले आणि गार पडलो. एकाच्या पायाचं टोक निम्मं पांढरं. दुसऱ्याचं नुसतं करडं. तिसऱ्याचा पांढरा रंग वरून खाली विरत गेलेला, धुवट कापडासारखा. म्हणजे वरची वेगळी आणि खालची वेगळी असं काही नव्हतंच. एकच माशी होती. डोंगर उतरता उतरता तिचे पाय काळे होत गेले होते.

दीड वर्षापैकी आठ महिने गेले होते. वर तो माणूस अनवाणी बसला होता. आणि खरं सांगायचं तर मला माझाही विचार होता : ही माशी नवी ठरली असती तर पंख्याचं पाप कुठंतरी फिटलं असतं. मी नळीचं बूच काढलं आणि चारही नर सोडून दिले. मारोतीभाऊ करवंदीची काटकी मोडत पाहत होता.

"काय दिसलं?" सरांनी विचारलं.

"काहीच नाही, सर. डोह रिकामा आहे."

सरांनी मान न वळवता विचारलं, "मारोती?"

"होत्या जी," मारोतीभाऊ म्हणाला. "भाऊनं धरल्या, पाह्यल्या अन् सोडून देल्ल्या."

मी चपला शोधायला लागलो, जणू आता निघायचंच आहे.

"अर्धे पांढरे होते ना?" सर म्हणाले.

मी मान हलवली. मग त्यांना ती दिसली नसेल हे लक्षात आलं आणि म्हटलं, "हो."

"मीही एक पकडला होता," ते म्हणाले. "नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली असतील. ह्याच डोहावर. पाय अर्धा पांढरा. म्हटलं, रंग उडाला असेल, झटापटीत घासला असेल. पेटीत लावला नाही. टाकून दिला. एक टाकला की मग त्या वाटेला जावंसं वाटत नाही. वाटेला नाही गेलं की दुसरा दिसत नाही. पंचवीस वर्षं अशीच जातात, बाबा. कळतही नाही."

मारोतीभाऊनं त्यांना हात दिला. उठताना ते माझ्या खांद्यावर थोडं जास्त रेलले, आणि मला वाटलं, आता हा माणूस मोडला. पण ते म्हणाले, "चल. मला दाखव तो डोह. माश्या दिसणार नाहीत, पण दाखव."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून आम्ही अकरा नर आणले. सरांनी ते मायक्रोस्कोपखाली एकामागे एक ओळीत लावले, पुरत्या पांढऱ्यापासून पुरत्या काळ्यापर्यंत. ती त्यांची शेवटची पेटी. तीत कुठंही जोड दिसत नाही. काकूंना हाक मारून त्यांनी ती दाखवली. काकूंनी पदराला हात पुसले, भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, "एकाच घरचे दिसतात."

"एकाच घरचे आहेत," सर म्हणाले. त्या माश्यांबद्दल त्यांनी एवढं निवांत बोललेलं मी आधी ऐकलं नव्हतं.

सरांना जाऊन आता दोन वर्षं झाली. शेवटी त्यांना काही दिसत नव्हतं; पेट्या मांडीवर घेऊन ते झाकणावरून हात फिरवत बसत. पण मला ते आठवतात ते त्या पत्राच्या सकाळी. संग्रहालयातल्या विद्वानांना कळवायचं होतं. सर सांगत होते, मी माझ्या बारीक अक्षरात लिहीत होतो. काकू दाराशी बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"लिही. मी जी वेगळी जात समजत होतो, ती वेगळी नाही. लेख काढू नये."

मी लिहिलं. 'काढू नये' लिहिताना निब कागदात अडकलं.

"पुढं लिही. माझ्याकडे याचा पुरावा पंचवीस वर्षांपूर्वी आला होता. मी तो टाकून दिला."

"सर, हे कशाला?" मी म्हटलं. "हे कुणाला कळणार आहे?"

"म्हणूनच," सर म्हणाले. "पुढं. मधल्या डोहावरचे अर्ध्या पांढऱ्या पायांचे नर या जानेवारीत सापडले. पाहणारा... इथं तुझं नाव लिही. पूर्ण. वडिलांचं, आडनाव, सगळं."

त्यांना माझं नाव ठाऊक नव्हतं, म्हणून मलाच लिहायला सांगत होते. कागदावर माझं नाव यावं असं मी त्या हंगामात काहीच केलं नव्हतं. एक नर गिळला होता आणि चार सोडले होते. मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "सर, राहू द्या. माझं नाव नको. मला बरं नाही वाटत."

तुरीचे दाणे टोपल्यात पडायचे थांबले.

"लिही ना बाबू आता," काकू म्हणाल्या. "खोटं बोलतानी तं कायची लाज नाही वाटली तुले. आता खरं लिहाची पाळी आली तं नवरीवानी लाजून राह्यला!"